कात्री बदलली ते वर्ष

सन दोन हजार एक. त्या वर्षी आईची कात्री बदलली गेली आणि आमच्या घरात वहिनी चोर ठरली.

मी आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. सकाळची गोळी घेतली की नाही हे कळायला मला डबीत डोकावावं लागतं, पण त्या वर्षी दुकानाच्या मागच्या दांड्यावर कुठले कोट टांगलेले होते ते मी अजून रंगासकट सांगेन. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं म्हणतात. असू दे. ज्याची भीती वाटते ते हे नव्हे.

दुकान मूळचं आजीचं, म्हणजे आईच्या आईचं. आजीकडून ते आईकडे आलं आणि आईकडून दादाकडे. खाली शिवणकाम, वर घर, मधे अरुंद जिना. त्याची एक पायरी करकरायची, त्यामुळे वरून कोण येतंय ते मशीनवरची मान न उचलता समजायचं. रस्त्याच्या बाजूला मोठी काच आणि काचेला लागून कापणीचं टेबल. मागच्या भिंतीला लांब दांडा, त्यावर शिवून तयार असलेले आणि कुणी न्यायलाच न आलेले कपडे. शिंप्याकडे असे कपडे साठतातच. कुणी गाव सोडतं, कुणी जाड होतं, कुणी जगाचाच निरोप घेतं. कोट मात्र वाट बघत राहतो.

दादा माझा थोरला भाऊ, नाकासमोर चालणारा. वहिनी घड्याळजीची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही येत नव्हतं. आई म्हणाली, "बारीक चाकं बघून नजर तयार आहे तुझी. काजं तुझ्याकडे." वहिनीची काजं पुढे इतकी नेटकी व्हायला लागली, की आई गिऱ्हाइकाला आधी काज उलट्या बाजूने दाखवायची आणि मग कोट. सासू-सुनेचं असं जमलेलं मी दुसरीकडे फारसं पाहिलं नाही. मी स्वतः शिवण शिकले नाही. अंगाने काडी आणि जिभेने टोकदार, म्हणून आई मला टाचणी म्हणायची. मी ग्रंथालयात नोकरी करायचे, जवळच राहायचे आणि रोज कामावरून परतताना दुकानात डोकावायचे.

घरात एक नियम दगडावरच्या रेघेसारखा होता. कापडाची कात्री कागदाला लावायची नाही. कागद कापला की धार मरते. आईची कात्री तर कापडालासुद्धा दुसऱ्या कुणी लावायची नाही. लांब पात्यांची, काळ्या मुठीची; अंगठा रुतू नये म्हणून मुठीला अस्तराची काळी पट्टी गुंडाळलेली. त्या कात्रीने तिने अर्ध्या गावाला कपडे घातले होते.

आईला अल्झायमर आहे हे आम्हाला त्याआधीच कळलं होतं. मापं विसरायची, बाही उलटी लावायची, तेच तेच विचारायची. वाईट वाटायचं, पण भांडण नव्हतं. दादा तिला मागच्या दांड्यावरचा एखादा बेवारस कोट द्यायचा. ती त्याचं अस्तर उसवायची आणि पुन्हा शिवायची. सगळं विसरली तरी हातशिलाई विसरली नव्हती.

मग हिवाळा सरता सरता एका संध्याकाळी मी दुकानात शिरले तेव्हा ती टेबलाशी उभी होती. हातात कात्री.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

दादा खडूने रेघ ओढत होता. त्याने मान वर केली नाही. "तुझीच आहे, आई. मुठीची पट्टी बघ ना."

"पट्टी माझ्या पट्टीसारखी आहे. कात्री माझी नाही. ऐक." तिने हवेत दोनदा पाती मिटली. "माझी कुजबुजते. ही चावते."

मग ती वळली आणि मशीनवर बसलेल्या वहिनीकडे बोट दाखवून म्हणाली, "हिने बदलली."

वहिनीला थट्टाच वाटली. "मला काजांची छोटी कात्री पुरते, आई. तुमची तलवार घेऊन मी काय करू?"

"विकली असशील."

ते दोन शब्द ऐकून वहिनीचा पाय मशीनवरून निघाला तो निघालाच.

तिथून रोज सुरू झालं. आधी कात्री, मग बोटातलं अंगुस्तान, मग चष्मा, मग दोऱ्याची रिळं. सगळं "हिने" नेलेलं. पुढे तर वरच्या खोलीत एक परकी बाई येऊन बसते आणि वहिनी तिला गुपचूप वस्तू नेऊन देते असंही आई सांगायला लागली. ती बाई कशी दिसते, कुठल्या खुर्चीत बसते, सगळं बारकाईने. वहिनीला नुसता खोकला आला तरी आई म्हणायची, "खाई त्याला खवखवे."

आमची अडचण अशी होती, की आई आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती. उरलेलं चिंधीभर कापडसुद्धा गिऱ्हाइकाला परत करणारी बाई. ती काचेपाशी उभी राहून शेजारच्या बेकरीवालीला सांगायची आणि बेकरीवाली पावाच्या पिशवीबरोबर ते गावभर वाटायची. मला ती एकदा म्हणाली, "म्हातारी माणसं उगाच नाही हो बोलत. कुठेतरी पाणी मुरत असणार."

मी म्हटलं, "तुमच्या छपरात मुरतंय ते आधी बघा." पण घरी जाऊन आमच्या ह्यांच्यापाशी रडले.

आणि दादा? तो वहिनीला काही बोलत नव्हता. तिची बाजूही घेत नव्हता. एका दुपारी वहिनी वर गेली तर हा तिच्या कपाटाचा खण उघडून उभा. हात तिच्या रुमालांच्या खाली. त्याने खण लावला आणि खाली आला. पायरी करकरली.

हे मला वहिनीने इस्त्री करता करता सांगितलं. वाफेमुळे तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"वन्सं, हातातले कोट पुरे करते आणि बहिणीकडे जाते. काजं अर्धी टाकून जायची मला सवय नाही, नाहीतर आजच गेले असते."

"दादाशी बोललीस?"

"ह्यांनी माझा खण उघडला. आणखी काय बोलायचं?"

"वहिनी, आई आजारी आहे."

"त्यांचं मी मनावर घेतच नाही. ह्यांना काय झालंय ते सांगा."

कोट किती उरलेत तेवढं मी दांड्याकडे पाहून ताडलं आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून सगळ्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. वहिनी यायला तयार नव्हती. मी म्हटलं, आरोपीला हजर राहावंच लागतं. ती हसली नाही, पण आली.

डॉक्टरीणबाई म्हणजे ठेंगण्या, केस पांढरे आणि वागण्यात कमालीच्या निवांत. भिंतीवर टिकटिक करणारं घड्याळ होतं ते वहिनीने बसल्या बसल्या ऐकलं आणि ती पुटपुटली, "मागे पडतंय." त्यांनी आईशी एकटीशी गप्पा मारल्या, तिला बाहेर परिचारिकेकडे बसवलं आणि आम्हा तिघांना आत घेतलं.

"भ्रम म्हणण्याआधी मी नेहमी एक विचारते," त्या म्हणाल्या. "कात्री खरंच बदलली आहे का?"

मी "नाही" म्हणणार होते. दादाचे कान लाल झाले.

"मीच बदलली," तो म्हणाला.



त्याने सांगितलं ते असं. एके सकाळी दुकान उघडलं तर कात्री जागेवर नव्हती. सगळीकडे शोधली. आई उतरायची वेळ झाली. कात्री दिसली नाही तर ती थैमान घालेल, म्हणून हा धावत बाजारात गेला. आईची कात्री ज्या कारखान्याची, तो अजून तशीच बनवतो. याने नवी आणली, मुठीला काळी पट्टी गुंडाळली, पात्यावर कानस फिरवून ओरखडे पाडले आणि जागेवर ठेवून दिली. आईला कळणार नाही असं त्याला वाटलं. जिने जन्मभर एकच कात्री चालवली, तिला.

वहिनी हळू बोलली. "म्हणजे इतके दिवस आई खरं बोलत होत्या आणि खोटं तुम्ही."

"मी खोटं कुठे बोललो? मी गप्प होतो."

"चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारा गप्प."

"पण मी नवी आणली," दादा अगदी हट्टी मुलासारखा म्हणाला. "जुनी गेली कुठे? ती तर कुणीतरी हलवलीच ना?"

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं आणि पर्स उचलून मांडीवर घेतली. त्या पर्सवरून मला कळलं की कोट पुरे होईपर्यंतही ती थांबणार नाही.

डॉक्टरीणबाई दादाला म्हणाल्या, "अहो, माझं काम तुम्ही चांगलंच अवघड केलंत." मग त्यांनी समजावलं. या आजारात स्मृती सगळ्यांचीच जाते. पण काहींनाच असे भ्रम होतात. वस्तू चोरीला गेल्या, घरात परकं माणूस आहे, आपलं माणूस आपलं नाही, त्याच्या जागी तसंच दिसणारं दुसरं कुणी आहे. काहींनाच का, याचा त्या आणि त्यांच्यासारखे कितीतरी जण शोध घेत होते. काही घरांमध्ये हे अधिक दिसतं, म्हणून त्या भावंडांची माहिती आणि रक्त गोळा करत होत्या.

"तुमच्या आईच्या माहेरी असं कुणाला झालं होतं?"

"आमच्या घराण्यात वेड नाही," दादा म्हणाला.

"मी वेडाबद्दल विचारत नाहीये."

मला एकदम आमची मावशी आठवली. खरं तर ती मी कधी विसरलेच नव्हते, फक्त घरात तिचं नाव निघायचं नाही.

मावशी ही आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आजीजवळच राहिली, तिच्याच हाताखाली शिवण शिकली. मी शाळेत होते तेव्हा आजीला विसर पडायला लागला आणि एक दिवस ती मावशीकडे पाहून म्हणाली, "ही माझी मुलगी नाही. तिच्यासारखी दिसणारी कुणीतरी आणून बसवली आहे." मावशीच्या हातचं खाईना. ती खोलीत आली की किंचाळायची. "माझी मुलगी कुठे नेली ते सांग." तेव्हा या आजाराचं नाव कुणाला ठाऊक? लोक म्हणाले, जन्मदाती आई उगाच नाही असं म्हणायची. आणि माझ्या आईने मावशीला विचारलं, "खरं सांग, तू तिला केलंस तरी काय?"

मावशी बॅग भरून गेली. परत आली नाही. आजीच्या अंत्यविधीलाही नाही.

मी हे सांगत असताना वहिनीने पर्स मांडीवरून खाली ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "त्या मावशी हयात आहेत?"

होत्या. बसने दुसऱ्या गावी जावं लागायचं. तिथल्या नाट्यगृहात ती नटनट्यांचे कपडे शिवायची. नोकरी सुटली तरी नाट्यगृहाच्या मागच्याच खोलीत राहत होती. मी एकटीच तिथे जाऊन दार वाजवलं. तिने मनगटाला टाचण्यांची गादी बांधलेली. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग टाचणी इथे कशी?"

इतक्या वर्षांनी तिने मला ओळखलं, ते माझ्या काटकुळेपणावरून असणार. तिने चहा केला. मी सगळं सांगितलं. कात्री आपल्या कात्रीसारखी दिसते पण आपली नाही, असं आई म्हणते, हे ऐकल्यावर तिने हातातली सुई गादीत खोचली.

"मीही तशीच होते," ती म्हणाली. "आमच्या आईच्या मुलीसारखी दिसणारी."

मग तिने खिडकीबाहेर पाहिलं. खाली दोन माणसं रंगवलेलं झाड खांद्यावर घेऊन चालली होती.

"मी काही केलं नव्हतं, टाचणे. हे मी कुणालाच सांगितलं नाही. कारण आईच जेव्हा म्हणते ही माझी नाही, तेव्हा आपल्यालाच वाटायला लागतं, केलंही असेल काहीतरी."

"डॉक्टरीणबाईंना तुझं रक्त हवंय."

"माझ्या अंगात रक्त कुठलं? टोचलं तर कापडाची खळ निघेल." पण उठून तिने पायांत बूट घातले.

रक्त काढताना ती परिचारिकेला म्हणाली, "सुई तिरकी धर, टाका सुबक येतो." नंतर डॉक्टरीणबाईंसमोर बसली आणि तिने एकच विचारलं. "आई मला ओळखत नव्हती?"

"चेहरा ओळखत असाव्यात," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मुलीसारखी दिसते असं म्हणायच्या. पण आपलं माणूस दिसलं की आत जे हलतं, ते हलेनासं होतं. मग डोळे सांगतात हीच ती, आणि मन सांगतं ही नव्हे. त्यातून मार्ग काढायला मेंदू गोष्ट रचतो. तुम्ही काही केलं म्हणून नाही. तुम्ही सगळ्यात जवळ होतात म्हणून तुम्हीच सापडलात."

मावशीने रुमाल काढला, डोळे न पुसता घडी मोडून पुन्हा घातली.

"आणि मला होणार का हे? हिला?" तिने माझ्याकडे मान हलवली.

"माहीत नाही. एका भावंडाला या आजारात भ्रम झाले आणि दुसऱ्यालाही हाच आजार झाला, तर त्यालाही भ्रम होण्याची शक्यता इतरांपेक्षा काहीशी जास्त दिसते. पण आजार होईलच असं नाही, आणि झाला तरी भ्रम होतीलच असंही नाही."

"म्हणजे एकाच ताग्यातलं कापड," मावशी म्हणाली, "पण कोट कसा बसेल ते सांगता येत नाही."

"शिवल्याशिवाय नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि तो एकच तागाही नसावा. बारीकसारीक बरेच धागे असणार. आम्ही अजून शोधतोच आहोत."

आम्ही तिथून सरळ दुकानात आलो. आई काचेपाशी कोट घेऊन बसली होती. तिने मावशीकडे पाहिलं.

"आलीस?" आई म्हणाली. "किती उशीर. बाह्या लावायच्या राहिल्यात."

मावशीने स्टूल ओढलं आणि तिच्याशेजारी बसली. आईने तिला सुई दिली. दोघी एकाच कोटाची एकेक बाजू मांडीवर घेऊन बसल्या, लहानपणी आजीपुढे बसत असतील तशा. मावशीने आपली बाजू उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली.

"ताई, तुझी बाजू जड का गं?"

"चांगलं कापड आहे."

"कापड इतकं ओढत नाही." मावशीने माझ्या दादाला खुणेने बोलावलं. "बघ रे जरा. अस्तरात काहीतरी आहे."

दादाने कोट टेबलावर पसरला. अस्तराला आईचेच टाके होते. तांदळाच्या दाण्याएवढे, एकसारखे. आमच्यापैकी कुणीही ते शपथेवर ओळखले असते. वहिनी कधी आईच्या वस्तूला हात लावत नव्हती, उगाच आणखी आळ नको म्हणून. आणि दादाने सगळं दुकान आणि वहिनीचा खण शोधला, पण आईच्या मांडीवरचा कोट शोधला नाही. त्याने टाके उसवले. कापड आणि अस्तराच्या मधे, एखाद्या बाळाला गुंडाळावं तशी फडक्यात गुंडाळून, आईची कात्री शिवलेली होती.

दादाचा तो चेहरा मला अजून दिसतो. सुटल्यासारखा. त्याने कात्री दोन्ही हातांवर घेतली आणि वहिनीकडे बघून म्हणाला, "सापडली. आता संपलं बघ सगळं. आईच्या हातात दिली की झालं."

तो आईपुढे गुडघ्यांवर बसला. "आई, ही घे. तुझी कात्री. तूच ठेवली होतीस जपून."

आईने मुठीत अंगठा घातला. पट्टीचा झिजलेला भाग बरोबर तिच्या अंगठ्याखाली आला. तिने हवेत दोनदा पाती मिटली. ती कुजबुज आम्ही सगळ्यांनी ऐकली. आईनेही ऐकली. तिने मान तिरकी करून आणखी एकदा ऐकली.

"छान आहे," ती म्हणाली. "पण हीसुद्धा माझी नाही. माझ्या कात्रीसारखी आहे. हिने बदलली." आणि शांतपणे वहिनीकडे बोट दाखवलं.

दादा गुडघ्यांवर तसाच राहिला. मी त्याच्याकडे बघत होते, म्हणून नेमकं काय झालं ते मी पाहिलं. आधी तो वाद घालायला निघाला. "आई, अगं ही तर तुझी—" आणि मधेच थांबला. कात्री खरी होती. हात खरा होता. टाके तिचे होते. आता शोधायला काहीच उरलं नव्हतं, आणि आईला तरीही तेच दिसत होतं. त्याला जे डॉक्टरीणबाईंनी सांगून कळलं नव्हतं, ते आईच्या त्या एका वाक्याने कळलं.

तो उठला. टेबलाला धरून म्हणाला, "मी खण उघडायला नको होता."

वहिनी मशीनच्या स्टुलावर बसली, दोन्ही हात मांडीवर सोडले आणि इतका मोठा श्वास टाकला, की समोरच्या चिंध्या हलल्या.

"आणखी काही शोधायचं राहिलंय का तुमचं?"

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हणतोय ना."

मग ती उठून आईजवळ गेली. ते मला फार आवडलं, म्हणून शब्दन् शब्द लक्षात आहे. ती म्हणाली, "हो आई, बदलली असेल. शोधू आपण. तोवर हिने भागवाल का?"

आईने विचार केला. "भागवते. आवाज बरा आहे हिचा."

मावशी हसायला लागली. बऱ्याच दिवसांत न हसलेलं माणूस हसतं तशी, थोडी घोगरी, मधे मधे अडखळत. मग मीही, मग दादा. आई आमच्याकडे पाहून म्हणाली, "काय झालंय यांना? कामं नाहीत का?"

दुसऱ्या दिवशी दादा स्वतः बेकरीत गेला आणि चार गिऱ्हाइकांसमोर बेकरीवालीला म्हणाला, "कात्री मी बदलली होती. गावभर सांगितलंत तसं हेही सांगा." तिने सांगितलं की नाही मला ठाऊक नाही; पण त्या दिवशी वहिनीसाठी तिने एक केक पाठवला. तो वहिनीने खाल्ला नाही. आम्ही खाल्ला.

वहिनीने हातातले कोट पुरे केले आणि नवे घेतले. बहिणीकडे ती गेली, पण चार दिवस राहायला, आणि दादाला सोबत घेऊन.

आईचे भ्रम लगेच गेले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी थोडं औषध दिलं, फार नाही, आणि वाद घालायचा नाही एवढं आम्हाला बजावलं. वरच्या खोलीतल्या त्या परक्या बाईसाठी वहिनी कधी कधी खुर्ची झटकून ठेवायची. पुढे पुढे ती बाई यायची थांबली. शेवटच्या वर्षात आईला चोरीही आठवेना. वहिनीला ती "नवी मुलगी" म्हणायची आणि येईल त्याला सांगायची, "हिची काजं बघा." सहाव्या वर्षी ती झोपेत गेली.

मावशी परत गेली नाही. आई गेल्यावरही वरच्या खोलीतच राहिली. नव्वदीपर्यंत जगली, शेवटपर्यंत डोकं लख्ख, जीभ त्याहून लख्ख. त्यामुळे ताग्याचा नियम काही पक्का नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टरीणबाई निवृत्त झाल्या. त्यांच्या अभ्यासात कितीतरी घरं होती, त्यांत आमचंही एक. एखादाच धागा सापडला असं झालं नाही. बारीक बारीक धागे हाती लागताहेत, दुसरे लोक पुढे शोधताहेत, असं त्यांनी मला मागे फोनवर सांगितलं. आमचे हे गेले त्याला आता काही वर्षं झाली. आई त्यांना कायम दुकानातलं गिऱ्हाईक समजून माप घ्यायची, आणि ते प्रत्येक वेळी हात पसरून उभे राहायचे.

दादाचे गुडघे गेले आहेत. तो काचेपाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतो. दुकान वहिनी चालवते, त्यांची मुलगी तिच्या हाताखाली आहे.

माझी सून स्वभावाने चांगली आहे. तिला मी परवाच सांगून ठेवलं. उद्या मी म्हटलं की माझ्या बांगड्या तू घेतल्यास, तर घाबरू नकोस, रडू नकोस, आणि माझ्या मुलाला तुझा खण उघडू देऊ नकोस. म्हणायचं, हो, शोधू आपण. ती म्हणाली, "आई, तुम्हाला बांगड्या आवडतच नाहीत." मी म्हटलं, तेव्हा आवडतील.

आईची कात्री अजून टेबलावर आहे, अजून कुजबुजते. दादाने आणलेली दुसरीही आहे. वहिनी तिने कागदाचे साचे कापते, अगदी त्याच्या डोळ्यांसमोर, आणि तो एक अक्षर बोलत नाही.